काटेसाहेबांचं सीलबंद दही

"गहू! या दह्यात गहू आहे! पाहून घ्या लोकहो, या बाईनं दह्यात गहू कालवला!"

मेहकरच्या आठवडी बाजारात ही आरोळी उठली तेव्हा मी वांगी निवडत होतो. आरोळीचा दणका असा, की हातातलं वांगं आपण होऊन टोपलीत परत गेलं. शेजारच्या ढिगातले दोन भोपळे गडगडत एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघाले आणि त्यातला एक लोणारच्या गाडीत बसून गेला, असं मी नंतर ऐकलं. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

दह्यावाल्यांच्या ओळीत काटेसाहेब उभे होते. एका हातात दह्याचं गाडगं, दुसरा हात आभाळात, काळी टोपी रागानं मागं सरकलेली. समोर सारजाबाई गौळण बसलेली. बसलेली म्हणजे, कमरेवर हात ठेवून उठायच्या बेतात.

"ओ साहेब, तोंड सांभाळा!" ती म्हणाली. "माह्या सासूच्या सासूनं या जागी दही विकलं. आमच्या दह्यात पानी निघन, माशी निघन, एखाद्या टायमाले म्हशीचा केसही निघन. गहू नाही निघनार! आमाले खायाले गहू नाही, तं दह्यात कुठून घालू?"

"मंग माह्या घरचं माणूस झिजून काऊन राह्यलं?" काटेसाहेब गरजले. पण गरजता गरजता त्यांचा आवाज मधेच फाटला, आणि तेव्हा मात्र मी वांगी सोडून पुढं झालो.

या दोघांना जरा असंच राहू देऊ. दोघंही दमाचे आहेत आणि बाजार उठायला अवकाश आहे. तोवर काटेसाहेब कोण ते सांगतो, नाहीतर तुमचा समज व्हायचा की मेहकरात कोणीही उठतो आणि गौळणींवर ओरडतो. तसं नाही. तो मान एकट्या काटेसाहेबांचा.

त्यांचं नाव दौलतराव. आडनाव रेशनकार्डावर होतं, पण रेशन दुकानदारही ते वाचत नसे. सगळा जिल्हा त्यांना काटेसाहेब म्हणे, कारण जन्मभर त्यांनी नोकरी केली ती वजनमापं तपासायची. सायकलच्या मागं पेटी, पेटीत खरी वजनं, आणि कोटाच्या आतल्या खिशात पितळी शिक्का. वजन खरं निघालं की त्यावर शिक्का बसे; खोटं निघालं की दुकानदार खाली बसे. त्या काळी पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवून गिऱ्हाइकाला नाडायची कला आमच्याकडे फार वाढली होती. धामणगाव बढ्याच्या वळणावर काटेसाहेबांची सायकल दिसली, की तिथल्या दुकानांतून एकदम इतकी चिंच मोकळी व्हायची, की त्या संध्याकाळी गावभर आंबट वरण शिजायचं.

पुढं महाराष्ट्र झाला, शेर-छटाक गेले, किलो आले, आणि त्याच धामधुमीत काटेसाहेब रिटायर झाले. आपल्याशिवाय नवं राज्य उभं कसं राहणार याची त्यांना मनापासून काळजी होती. म्हणून त्यांनी फक्त नोकरी थांबवली. तपासणी चालूच ठेवली. पितळी शिक्का सरकारनं परत घेतला, तर सोनाराकडून तसाच एक करवून घेतला. त्यावर नुसतं 'दौ' एवढं अक्षर.

दोन वाक्यं त्यांच्या तोंडात कायम असत. एक: "शिक्का नाही तं माल नाही." आणि दुसरं: "माणूस खोटं बोलते, काटा नाही बोलत." पहिलं ते दुकानदाराला ऐकवत, दुसरं इतर सगळ्या मनुष्यजातीला.

मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर. दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत. त्यामुळे त्यांचं सगळं आम्हाला ऐकू येई आणि आमचं सगळं ते तपासत. एकदा त्यांनी आमच्या शाळेतली लाकडी मीटरपट्टी मागून नेली आणि ती आखूड आहे असं सिद्ध करून परत आणली. त्या दिवशी आमच्या शाळेतली सगळी मुलं एका झटक्यात बुटकी झाली. हेडमास्तरांनी तर सुट्टी देऊन टाकली. पालकांना काय तोंड दाखवायचं?

अशा या माणसाचं सगळं जग दोन पारड्यांत मावत होतं. फक्त गोदाकाकूंना त्यांनी कधी तोललं नव्हतं.

गोदाकाकू म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. काकूंचा आवाज इतका हळू, की त्यांनी हाक मारली तर मांजरही "काय म्हणालात?" असं तोंड करून थांबे. काटेसाहेबांची उमर गेली दौऱ्यावर. आज मोताळा, उद्या चिखली. काकू घरी एकट्या. एकदा आमच्या सौभाग्यवतीजवळ बसून त्या म्हणाल्या होत्या, "लग्न झालं तवापासून त्याईचं जेवन झाल्याशिवाय म्या घास नाही घेतला. अन् ते दौऱ्यावर असले का मंग काय, चुलीपाशी उभ्या-उभ्याच. एकटीसाठी कोन ताट मांडते?"

साहेब रिटायर झाले तरी तेच. ते जेवत, ढेकर देत, टोपी घालून बाजार तपासायला निघत, आणि मग काकू उरलेलं घेऊन चुलीपाशी. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आमच्याकडे नवरा-बायको एका वेळी पानावर बसलेले दिसले, तर लोक समजत की एकतर आज यांचं लग्न आहे, नाहीतर घराला आग लागली आहे.

तर या काकूंचं पोट बिघडलं. बिघडलं ते बिघडलंच. खाल्लेलं अंगी लागेना. गावातले काढे झाले, अंगारे झाले, हिंगाच्या गोळ्या झाल्या. काकू वाळत चालल्या. शेवटी काटेसाहेबांनी त्यांना येतं तेच केलं. आडतीत धान्याच्या पोत्यांचा मोठा काटा होता, त्यावर ते काकूंना अधूनमधून नेऊ लागले. काकू पदर सावरत, लाजत एका पारड्यात बसत. दुसऱ्या पारड्यात ज्वारी ओतायची. आडतीतले हमाल तोंड फिरवून उभे राहत, इतकी साहेबांची जरब. आणि दर खेपेला पारड्यातली ज्वारी थोडी थोडी काढून घ्यावी लागे.

एक दिवस काटेसाहेब त्या काट्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "हा काटा खोटा आहे."

आडत्यानं नुसतं दांडीकडे बोट केलं. काट्यावर शिक्का काटेसाहेबांचाच होता.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना घेऊन अकोल्याला गेले. तिथं विलायतेत शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं काकूंची जीभ पाहिली, नखं पाहिली, बरंच काही विचारलं आणि म्हणाला, "यांच्या आतड्याला गव्हातला चिकट सोसत नाही. ज्वारी चालेल, तांदूळ चालेल. पण गहू कणभरही पोटात जाता कामा नये. आणि अंग धरायला रोज दही द्या. ताजं आणि घट्ट."

"चिकट म्हंजे कोनता?" काटेसाहेबांनी विचारलं. पुराव्याशिवाय ते आजारसुद्धा मानत नसत.

डॉक्टर म्हणाला, "कणकेचा गोळा पाण्यात धूत राहा. पीठ सगळं निघून जाईल आणि हातात रबरासारखं काहीतरी उरेल. तोच तो."

परत आल्या आल्या साहेबांनी आमच्याच घरच्या कणकेचा गोळा आमच्याच रांजणाच्या पाण्यानं धुतला. हाती खरंच एक मळकट, ताणला तर लांबणारा, सोडला तर आखडणारा गोळा उरला. तो वाळवून त्यांनी तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि गावभर दाखवत फिरले. डबी उघडायची, समोर धरायची आणि म्हणायचं, "हा पाहा आरोपी." न्हाव्यानं पाहिला, पोस्टमननं पाहिला, बालाजीच्या देवळातल्या पुजाऱ्यानं तर चुकून त्यावर कुंकू वाहिलं.

त्यानंतर साहेबांनी गव्हाविरुद्ध जी मोहीम काढली, तशी मोगलांविरुद्धही कोणी काढली नसेल. घरातला गहू हद्दपार झाला. कोठी धुतली, सूप बदललं, पोळपाट आमच्याकडे निर्वासित म्हणून आला. ज्वारी दळायला साहेब स्वतः गिरणीवर जात आणि आधी आमची चार पायली ज्वारी दळायला लावून जातं गव्हापासून शुद्ध करून घेत, मग आपली ओतत. गिरणीवाला मला म्हणे, "मास्तर, ते येऊन राह्यले दिसले का माह्या पट्ट्यालेच घाम फुटते."

स्वतः साहेब मात्र पोळीचे परम भक्त. गहू त्यांच्या घरातून गेला, पोटातून गेला नाही. आमच्याकडे येऊन, "सूनबाई, यंदा कणीक कशी निघाली पाहू," असं म्हणत आणि चार-पाच पोळ्या तपासून जात.

राहता राहिलं दही. आता तुम्ही म्हणाल, घरीच विरजण लावायचं. आम्हीही म्हणालो. साहेब म्हणाले, "घरचा माल घरच्यानं तपासाचा नाही, असा नियम आहे." मी म्हटलं, मग म्हैस घ्या. तर म्हणाले, "म्हशीले शिक्का कुठं मारू?"

तेव्हा बाजारातूनच दही निवडायचं ठरलं. त्यात न्हाव्यानं हजामत करता करता सांगून ठेवलं, की घट्ट दही म्हणजे त्यात हमखास कणीक कालवलेली असते. झालं! डॉक्टरनं घट्ट दही सांगितलेलं, आणि घट्ट दिसलं की साहेबांना गहू दिसे. पातळ असलं तर चोरी, घट्ट असलं तर दरोडा. साहेब दह्याच्या ओळीतून फिरू लागले. दह्यात काडी उभी करून पाहत. सुरीनं कापून पाणी सुटतं का पाहत. गाडगं आडवं करून धरत. दोनदा त्यांच्या धोतरावर सगळं दही आलं, तेव्हा त्यांनी "पातळ" असा शेरा मारला. एका गौळणीनं तर त्यांना पाहताच गाडग्यावर बसकण मारली आणि "इथं दही नाही, मी आहे" असं सांगितलं.

सारजाबाई निवडली गेली ती एकाच कारणानं. साहेबांनी तपासायला बोट पुढं केलं, तर ती म्हणाली, "पह्यले हात धुवा." साहेब चकित झाले. नळावर जाऊन हात धुऊन आले आणि म्हणाले, "ही बाई खरी आहे." हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातून ती रोज रतीब घालायला मेहकरात यायची, कधी पायी, कधी एस.टी.नं. काकूंचं दही तिच्याकडून सुरू झालं.

आणि काय सांगू, दही लागू पडलं. काकूंच्या चेहऱ्यावर पाणी दिसू लागलं. आडतीत पारड्यात ज्वारी वाढवावी लागली. साहेबांनी काट्याची माफी मागितली; मी पाहिलंय, त्यांनी दांडीवर हात फिरवला.

इथं दुसरा माणूस गप्प बसला असता. पण चांगलं चाललं की काटेसाहेबांची झोप उडत असे. एका सकाळी सारजाबाईला म्हणाले, "बाई, तुह्यावर भरोसा आहे. पन एस.टी.त, रस्त्यात, कोनं झाकन उचलून काई टाकलं तं? उद्यापासून माल सीलबंद पाह्यजे."

"दह्याले सील?" सारजाबाई म्हणाली. "अवं माय! दही आहे का खजिना?"

पण गिऱ्हाईक मोठं आणि त्यातून साहेब. तिनं पहिल्या दिवशी झाकणाच्या कडेनं माती लिंपून आणली. निम्मी माती दह्यात. साहेब नापास म्हणाले. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं भिजवलेलं पीठ लिंपलं. ते वाळून खपली होऊन स्टँडवरच गळून गेलं. तेही नापास. नंतर मात्र सील असं फर्मास आलं, की झाकण आणि गाडगं एकजीव झालेलं. खूश होऊन साहेबांनी जन्मात कोणाच्या हाती दिला नव्हता तो 'दौ'चा शिक्का तिच्या हवाली केला. दुसऱ्या सकाळी सीलावर ते अक्षर असं टप्पोरं उमटून आलं, की साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा शिक्का मानला होता.

मग रोजचा सोहळाच सुरू झाला. साहेब अंगठ्याच्या नखानं सील फोडत. झाकणाला लागलेलं दही सुरीनं खरवडून वाटीत घेत, अगदी कडेचंही. "वजनात आलेला माल वाया जाऊ द्याचा नाही." आणि वाटी काकूंच्या हातात देऊन, त्या संपवेपर्यंत समोर उभे राहत.

काकूंचं पोट पुन्हा बिघडलं.

साहेबांनी आधी गिरणीवाल्याला फैलावर घेतलं. मग आमच्या पोळ्यांची वाफ कुडातून पलीकडे जाते असा संशय घेऊन कुड शेणानं लिंपून काढला. आठवडाभर आम्ही पोळी केली नाही. केली असती तर त्यांनी आम्हालाही सील केलं असतं. आडतीत पुन्हा ज्वारी काढावी लागली, पहिल्यापेक्षाही जास्त. काकूंना आता उठून बसायलाही आधार लागे. साहेब बोलायचेच थांबले. ज्या माणसाच्या बडबडीनं आम्ही कुडाला कापूस लावायच्या विचारात होतो, त्याची शांतता आम्हाला सोसेना. आणि बाजारच्या दिवशी सकाळी, सगळं तपासून झाल्यावर, तपासायचं उरलं होतं ते फक्त दही.

म्हणून ती आरोळी. चला, बाजारात परत जाऊ. दोघं तिथंच आहेत.

"माह्या घरचं माणूस झिजून काऊन राह्यलं?" असं साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. सारजाबाई उठून उभी राहिली. तिचाही आवाज खाली आला, पण राग तोच.

"एवढा भरोसा नाही ना? आना इकडं." तिनं साहेबांच्या हातातलं गाडगं ओढून घेतलं, सील मुठीनं फोडलं, झाकण बाजूला टाकलं आणि सगळ्या बाजारासमोर ओंजळीनं दही खाल्लं. मिशा आल्यासारखं तोंड झालं तिचं. "घ्या! मेली का मी? दही माहं चोख आहे! अन् हे तुमचं सील!" झाकणाच्या कडेचा वाळलेला तुकडा तिनं उचकटून वर धरला. "याच्यापायी पाटलीनबाईकडून मूठमूठ कणीक मागून आनते मी. माह्या लेकराईले सनाले पोळी भेटत नाही, अन् तुमच्या झाकनाले रोज गव्हाची कणीक!"

तिनं तो तुकडा फेकला. तिथं एक बकरी उभी होती, तिनं तो 'दौ'सकट गिळला. पुढं वर्षभर ती बकरी बाजारात सरकारी असल्यासारखी फिरत होती, कोणी तिला हाकलत नसे.

काटेसाहेबांचा आभाळात गेलेला हात तिथंच राहिला.

"गव्हाची?" ते म्हणाले.

"मंग कशाची? ज्वारीच्या पिठाले कुठं चिकट असते? स्टँड येईपोतर गळून पडे. गव्हाचं कसं धरून राह्यते! तुमीच म्हनले ना, आता सील पक्कं बसलं म्हनून?"

साहेबांनी हात खाली घेतला. खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली. दुसऱ्या हातानं सीलाचा एक उरलेला तुकडा उचलला, थुंकीनं ओला केला, चिमटीत चोळला, ताणला. तो लांबला. सोडला, तर आखडला. त्यांनी एकदा डबीत पाहिलं, एकदा चिमटीत.

आणि मग दह्याच्या गाडग्यांमध्ये, धुळीत, मांडी घालून बसले.

"साहेबाले चक्कर आली! पानी आना!" कोणीतरी ओरडलं.

पण ती चक्कर नव्हती. साहेब हसत होते. डोळ्यांतून पाणी, टोपी मांडीवर, आणि खदाखदा हसत होते. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले.

"सापडला, मास्तर!" ते मला म्हणाले. "आरोपी सापडला!"

"कुठं होता?"

"माह्याच शिक्क्याखाली. म्या शिक्का पाह्यला हो, भिंग लावून पाह्यला. पन तो कशात मारला, ते नाही पाह्यलं."

घरी जाताना मात्र त्यांचे पाय जड झाले. दारापाशी येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा तिले. माह्या तोंडून नाही निघनार." मग मी सांगितलं. काकू अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं ऐकत होत्या. दह्यात दोष नाही, सीलात आहे, सील गेलं की पोट बरं होईल, हे त्यांनी माझ्याकडून परत एकदा म्हणवून घेतलं. मग एवढा मोठा सुस्कारा टाकला की दारातली चिमणी उडाली.

"म्हंजे मी जात नाही तं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माह्यावर देवानंच शिक्का मारला."

साहेब खुंटीकडे तोंड करून बराच वेळ टोपी टांगत होते.

सारजाबाईची माफी साहेबांनी मागितली नाही. ते जमणारं नव्हतं. पुढच्या बाजारी ते तिच्यासमोर गेले, तिचं दही मोजायचं माप उचललं, आपल्या खऱ्या मापाशी ताडून पाहिलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "या बाईचं माप खरं आहे!" ज्यांना काटेसाहेब ठाऊक होते, त्यांना यापेक्षा मोठा सन्मान ठाऊक नव्हता. सारजाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं बरं. उद्यापासून पळसाचं पान बांधून आनते. चालन?"

"चालन," साहेब म्हणाले. शिक्का नसलेला माल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतला. शिक्का परत घेतला तो थेट देवघरात गेला आणि तिथं बाळकृष्णाच्या शेजारी रिटायर झाला.

काकू सुधारल्या. इतक्या भराभर सुधारल्या, की आडतीत ज्वारी कमी पडायला लागली आणि आडत्यानं साहेबांना हात जोडून विनंती केली, की आता पुरे. आम्ही पुन्हा पोळ्या करू लागलो. गिरणीवाल्यानं नारळ फोडला. आळीतल्या सगळ्यांचीच पोटं एकदम हलकी झाल्यासारखी वाटत होती.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी मी त्यांच्याकडे अडकित्ता मागायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत पाहिलं आणि उंबऱ्यावरच थांबलो.

चुलीपासून दूर, मधल्या खोलीत, दोन पाट मांडलेले. दोन ताटं. मधे दह्याचं गाडगं. एका पाटावर साहेब, चष्मा लावून, चेहरा अगदी धामणगाव बढ्याला धाड घालताना असायचा तसा. दुसऱ्या पाटावर काकू. साहेबांनी चमच्यानं दही घेतलं, तोंडात फिरवलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हं. पास." मग काकूंनी घेतलं. मग पुन्हा साहेबांनी. मग भाकरीबरोबर. प्रत्येक घासाला शेरा. मला पाहताच काकूंनी पदर पुढं ओढला; पण उठल्या मात्र नाहीत.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. "तपासनी चालू आहे. रोजचंच आहे हे. त्याईनं खाल्ल्याबिगर मले खाऊ देत नाहीत, अन् मी नाही खाल्लं तं म्हनतात तपासनी पुरी होत नाही. काय करता? बसा लागते."

जेवण आटोपून साहेब हात पुसत ओट्यावर आले. मला अडकित्ता दिला आणि मी सुपारी कातरताच तिच्यातलं एक खांड उचललं. मला राहवेना. आवाज खाली आणून मी म्हटलं, "साहेब, एक विचारू का? गहू तुम्हाला बाधत नाही. आमच्याकडच्या पोळ्या तुम्ही पचवता, मी रोज बघतो. उद्या त्या दह्यात कणीक असलीच, तर तुम्ही खाऊन काय कळणार?"

साहेबांनी सुपारी दाढेखाली सारली. आत काकू गाडगं खरवडत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"कळत काई नाही, मास्तर," ते म्हणाले. "पन तपासनी म्हटलं का ती संग बसते."